वायूंचें वजन करणारा वकील : आमेदेओ आव्होगाद्रो

ज्यांच्या घरीं अकरावी-बारावीच्या शास्त्र शाखेंत शिकणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांच्या कानांवरून 'ॲव्होगॅड्रो' हें नांव गेलें असेलच. पुस्तकांत एक अगडबंब आंकडा असतो, सहा पूर्णांक शून्य दोन दोन गुणिले दहाचा तेविसावा घात. त्याला हें नांव चिकटलेलें असतें. परीक्षेपुरता तो आंकडा पाठ केला कीं त्या नांवामागें कोणी हाडामांसाचा माणूस होता, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. तो माणूस कोण, त्याचा जन्म कोणत्या घराण्यांत झाला, व ख्रिस्तसभेच्या कायद्यांत पारंगत झालेला हा वकील रसायनशास्त्राच्या दारीं कसा येऊन पोहोंचला, हें आमच्या धर्मग्रामांतील बंधुभगिनींना सांगावें, या हेतूनें आम्ही हें अल्पचरित्र येथें देत आहों. महोत्सवाच्या स्मरणिकेंत संतांचीं व मिशनऱ्यांचीं चरित्रें छापण्याचा प्रघात आहे. त्यांच्या पंक्तीला एका शास्त्रज्ञास बसविल्याबद्दल वाचक आम्हांस दोष देणार नाहींत अशी आशा आहे. एक गोष्ट मात्र आरंभींच सांगून ठेवितों. तो प्रसिद्ध आंकडा आव्होगाद्रोनें कधीं मोजला नाहीं. त्याला तो ठाऊकहि नव्हता. त्यानें जगाला दिलें तें निराळेंच, आणि आमच्या मतें त्या आंकड्याहून मोठें आहे.

लोरेंझो रोमानो आमेदेओ कार्लो आव्होगाद्रो याचा जन्म ता. ९ ऑगस्ट १७७६ रोजीं उत्तर इटालींतील तुरीन शहरीं झाला. त्या वेळीं इटाली हा एक देश नव्हता. तुरीन ही पीएमाँत प्रांताची व सार्डिनियाच्या राज्याची राजधानी असून सव्हॉय घराण्याचे राजे तेथें राज्य करीत. मुलाचा बाप फिलिप्पो हा नामांकित कायदेपंडित व न्यायखात्यांतील मोठा अधिकारी होता. आई आन्ना मारिया ही बिएल्ला गांवच्या व्हेर्चेल्लोने घराण्यांतली. क्वारेञा व चेर्रेतो येथील कौंट ही पदवी या घराण्याकडे होती. 'आव्होगाद्रो' या आडनांवाचा मूळ अर्थच मुळीं वकील असा आहे. कित्येक पिढ्यांपूर्वीं या घराण्यानें ख्रिस्तसभेच्या जमिनी, हक्क व तंटे यांची वकिली केली, त्यावरून तें नांव पडलें असें सांगतात. आपल्याकडे कुळकर्णी, पोतदार हीं आडनांवें जशीं कामावरून पडलीं, तसाच हा प्रकार होय.

आमेदेओनें साहजिकच घराण्याचा मार्ग धरला. १७९२ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, त्यानें कायद्याची पहिली पदवी घेतली आणि १७९६ सालीं, अवघ्या विसाव्या वर्षीं, तो ख्रिस्तसभेच्या कायद्याचा डॉक्टर झाला. हा कायदा कसा असतो तें, विवाहाच्या कागदपत्रांसाठीं ज्यांनीं धर्मगुरूंच्या कचेरीच्या पायऱ्या झिजविल्या आहेत, त्यांना निराळें सांगणें नको. प्रत्येक शब्दाचा अर्थ नेमका पाहिजे, प्रत्येक विधानाला पुरावा पाहिजे, आणि दोन पुरावे परस्परांविरुद्ध दिसले तर ज्यायोगें दोन्हीहि खरे ठरतील असा अर्थ शोधून काढिला पाहिजे. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें रसायनशास्त्रांत दोन मोठ्या विद्वानांचा असाच तंटा लागला, तेव्हां तो या वकिलानेंच मिटविला.

वकिली चालू होती, पण मन तींत फारसें रमत नसावें. १८०० च्या सुमारास त्यानें गणित व पदार्थविज्ञान यांचा खाजगी रीतीनें अभ्यास आरंभिला. काळ मोठ्या धामधुमीचा होता. फ्रेंच फौजांनीं पीएमाँत व्यापिला होता व १८०२ सालीं तो प्रांत फ्रान्सलाच जोडण्यांत आला. आव्होगाद्रो १८०१ पासून फ्रेंच अंमलाखालील जिल्ह्याच्या कचेरींत चिटणीस होता. त्याच सुमारास व्होल्टानें आपली विद्युत्-चिति जगापुढें मांडली होती आणि सुशिक्षित इटालियन तरुणांत विजेच्या प्रयोगांचें जणूं वेडच पसरलें होतें. १८०३ सालीं आमेदेओनें आपला भाऊ फेलिचे याच्यासह विजेसंबंधीं एक निबंध तुरीनच्या विज्ञानपरिषदेला सादर केला. पुढच्याच वर्षीं परिषदेनें त्याला आपला पत्रव्यवहारी सभासद करून घेतलें. १८०६ मध्यें त्यानें तुरीन येथेंच शिक्षकाची जागा धरली आणि १८०९ सालीं व्हेर्चेल्ली येथील राजकीय महाविद्यालयांत तो पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक झाला. व्हेर्चेल्ली हें भातशेतीच्या मुलखांतलें लहानसें गांव. मोठ्या प्रयोगशाळा व विद्वानांच्या बैठकी तेथून दूर होत्या. ज्या विचारानें त्याचें नांव झालें तो त्याला या आडगांवींच सुचला.

तो विचार समजण्यास आधीं तंटा काय होता तें समजलें पाहिजे. इंग्लंडांत जॉन डाल्टन नांवाच्या शिक्षकानें १८०८ सालीं आपला प्रसिद्ध ग्रंथ काढिला. प्रत्येक मूलद्रव्य हें अत्यंत सूक्ष्म अशा अणूंचें बनलेलें असून एका मूलद्रव्याचे सर्व अणु एकाच वजनाचे असतात, असें त्यानें प्रतिपादिलें. अणूचें वजन तराजूंत घालून करतां येत नाहीं, परंतु एक अणु दुसऱ्याच्या कितीपट जड हें काढतां येईल, अशी त्याची उमेद होती. पण येथेंच घोडें पेंड खात होतें. पाण्यांत वजनानें एक भाग हायड्रोजन असेल तर सुमारें आठ भाग प्राणवायु असतो. आतां पाण्याच्या एका कणांत हायड्रोजनचा एक अणु व प्राणवायूचा एक अणु असेल तर प्राणवायूचा अणु हायड्रोजनच्या आठपट ठरतो; हायड्रोजनचे दोन अणु असतील तर तोच सोळापट ठरतो. कणांत किती अणु आहेत हें डोळ्यांनीं पाहण्याची सोय नव्हती. तेव्हां डाल्टननें एकास एक असें धरून चालावें असा सोपा मार्ग पत्करला. वाण्याच्या दुकानांत पहिलेंच माप खोटें असलें म्हणजे पुढचा सगळा हिशेब खोटा ठरतो, तशी यामुळें रसायनशास्त्राची गत झाली. प्राणवायु चुकला कीं कर्ब चुकला. कर्ब चुकला कीं साखर, तेल, मद्यार्क, शिरका, सर्वच चुकलें.

दुसऱ्या बाजूस पॅरिस येथें गे-लुसाक यानें वायूंचीं मापें घेऊन एक चमत्कारिक गोष्ट दाखविली. वायूंचा संयोग होतो तो नेहमीं साध्या प्रमाणांत होतो. दोन मापें हायड्रोजन व एक माप प्राणवायु मिळून बरोबर दोन मापें वाफ होते. एक माप नत्रवायु व तीन मापें हायड्रोजन मिळून दोन मापें अमोनिया होतो. हें संशोधन १८०९ सालीं प्रसिद्ध झालें, पण डाल्टनला तें पटेना. त्याचा आक्षेप वरवर पाहतां बिनतोड होता. एका मापांतील प्राणवायूचे कण दोन मापें वाफेंत वांटले गेले, तर वाफेच्या प्रत्येक कणाच्या वांट्यास प्राणवायूचा अर्धा कण येणार. आणि अणु तर अभंग, त्याचे अर्धे होणार कसे?

व्हेर्चेल्लीच्या प्राध्यापकानें दोन्ही पक्षांचे कागद समोर मांडले आणि दोन्ही खरे ठरविले. त्याचा निबंध १८११ सालीं पॅरिसच्या एका पदार्थविज्ञानविषयक मासिकांत फ्रेंच भाषेंत छापून आला. त्यांत दोन कल्पना आहेत. पहिली अशी कीं, उष्णता व दाब सारखे असतां कोणत्याहि वायूच्या समान मापांत कणांची संख्या समान असते. दुसरी अशी कीं, हायड्रोजन, प्राणवायु यांसारख्या मूलद्रव्यांचे वायुरूपांतील कण हे सुटे अणु नसून अणूंच्या जोड्या किंवा लहान गट असतात, व रासायनिक संयोगाच्या वेळीं ते गट फुटूं शकतात. ज्याचा अर्धा होतो तो गट, अणु नव्हे. डाल्टनचा अणु अभंग राहिला व गे-लुसाकचीं मापेंहि खरीं ठरलीं. या गटालाच आज आपण रेणु म्हणतों.

पहिली कल्पना किती धाडसाची होती हें आपल्या घरांतल्या पायलीवरून कळेल. पायलीभर मोहरी व पायलीभर वाल घेतले तर दोहोंत दाण्यांची संख्या सारखी भरेल असें लहान पोरहि म्हणणार नाहीं. मोहरीचे दाणे लाखांनीं भरतील, वालाचे कांहीं हजार. मग हलक्या हायड्रोजनच्या व जड प्राणवायूच्या मापांत कण सारखे कसे? उत्तर असें कीं, धान्याचे दाणे परस्परांस चिकटून बसतात, परंतु वायूचे कण परस्परांपासून इतके दूर असतात कीं त्यांच्या मधल्या पोकळीपुढें त्यांचा स्वतःचा आकार नगण्य होतो. मोकळ्या मैदानांत माणसें दूर दूर उभीं केलीं असतां तीं लठ्ठ आहेत कीं बारीक, यामुळें मैदानांत मावणाऱ्या संख्येंत फरक पडत नाहीं, तसेंच हें.

आतां या एका गोष्टीनें केवढें काम साधतें पहा. दोन टोपल्यांत नारळ व सुपाऱ्या संख्येनें अगदीं समान आहेत एवढें ठाऊक असलें तर एक नारळ एका सुपारीच्या कितीपट जड, हें काढण्यास एकहि फळ हातीं घ्यावें लागत नाहीं. टोपल्यांचीं वजनें केलीं कीं झालें. आव्होगाद्रोनें हेंच केलें. समान मापांत हवेचें वजन १ धरल्यास प्राणवायूचें वजन १.१०३५९ व हायड्रोजनचें ०.०७३२१, हे आंकडे त्याला मिळाले होते. पहिल्याला दुसऱ्यानें भागिलें. प्राणवायूचा रेणु हायड्रोजनच्या रेणूच्या सुमारें १५.०७४ पट ठरला. पाण्याचे दोन रेणु होण्यास हायड्रोजनचे दोन व प्राणवायूचा एक रेणु लागतो. म्हणून २ व १५.०७४ यांची बेरीज १७.०७४, तिचें अर्ध ८.५३७. पाण्याचा एक रेणु हायड्रोजनच्या एका रेणूच्या ८.५३७ पट जड. त्याच रीतीनें नत्रवायूचे १३.२३८ व हायड्रोजनचे तीन मिळवून त्याचें अर्ध केलें असतां अमोनियाचा रेणु ८.११९ पट येतो. हायड्रोजनच्या रेणूंत दोन अणु आहेत हें लक्षांत घेऊन या संख्या दुप्पट केल्या म्हणजे आजच्या पाठ्यपुस्तकाच्या भाषेंत पाण्याचें रेणुवजन १७.०७ व अमोनियाचें १६.२४ होतें. आजचीं अचूक वजनें १८.०१५ व १७.०३ अशीं आहेत. जो थोडा फरक दिसतो तो विचाराचा नव्हे, वजनाचा. हायड्रोजन हा सर्वांत हलका वायु, त्यांत दुसरें कांहीं लेशमात्र मिसळलें तरी वजन चढतें. हवेच्या मानानें त्याचें खरें वजन ०.०६९६ आहे. आम्हीं गंमत म्हणून ८.५३७ ला त्याच्याच ०.०७३२१ नें गुणून पाहिलें. वाफेचें वजन हवेच्या ०.६२५ पट आलें. आजचा आंकडा ०.६२२ आहे.

एवढें स्वच्छ काम झाल्यावर युरोपांतील विद्वानांनीं या माणसास डोक्यावर घ्यावयाचें, पण तसें झालें नाहीं. निबंध छापला गेला, कांहींनीं वाचला, आणि जवळजवळ अर्धशतक तो बाजूला पडून राहिला. १८१४ सालीं फ्रान्समध्यें आंपेर या थोर शास्त्रज्ञानें स्वतंत्रपणें तीच कल्पना मांडली, तरी तिची उपेक्षा थांबली नाहीं. (संत विन्सेंट डी पॉल सभेच्या आमच्या सभासदांना हें वाचून कौतुक वाटेल कीं, त्या सभेचा संस्थापक फ्रेडरिक ओझानाम हा पॅरिसला शिकत असतां याच आंपेरच्या घरीं राहिला होता.)

उपेक्षेचीं कारणें अनेक होतीं व त्यांतील कांहींचा दोष आव्होगाद्रोकडेहि जातो, हें न लपवितां सांगितलें पाहिजे. त्या काळीं रसायनशास्त्रांत स्वीडनच्या बर्झेलियसचा शब्द प्रमाण मानीत. त्याच्या मतानें अणु एकमेकांस धरून राहतात ते विरुद्ध विजेच्या आकर्षणानें. मग हायड्रोजनचे दोन सारखेच अणु एकमेकांस चिकटतीलच कसे? या प्रश्नाला त्या वेळीं कोणाजवळ उत्तर नव्हतें. तें विसाव्या शतकांत मिळालें. पुढें १८२६ पासून दुमा या फ्रेंच रसायनज्ञानें द्रव व घन पदार्थांची वाफ करून तिचें वजन करण्याची उत्तम रीत काढिली. त्यानें पारा, गंधक व फॉस्फरस यांच्या वाफा मोजल्या आणि तो गोंधळांत पडला. हिशेब कोठें निम्मा येई, कोठें दुप्पट, कोठें तिप्पट. सर्व मूलद्रव्यांच्या रेणूंत दोन-दोनच अणु असतात असें गृहीत धरल्यामुळें हा घोटाळा झाला होता. पाऱ्याच्या वाफेंत अणु एकेकटे असतात, फॉस्फरसच्या रेणूंत चार, गंधकाच्या वाफेंत सहा व त्याहूनहि अधिक. आव्होगाद्रोनें दोनाचाच हट्ट कधीं धरला नव्हता, पण त्याचा मूळ निबंध बारकाईनें वाचतो कोण? शिवाय त्याच्या लेखनांत रेणूला तीन-चार निरनिराळीं विशेषणें लावलेलीं, भाषा जड, स्वतःचे प्रयोग थोडे. आणि ज्या धातूंची वाफ कोणी मोजलीच नव्हती त्यांनाहि तो केवळ साम्यावरून आपला नियम लावून मोकळा झाला. वकिलानें बळकट दाव्याशेजारीं लंगडा दावा उभा केला कीं न्यायाधीश दोन्ही फेटाळतात, हें त्यानें तरी जाणावयास हवें होतें.

त्याच्या आयुष्याकडे वळूं. नेपोलियन पडल्यावर सव्हॉयचे राजे परत आले. १८१९ सालीं तुरीनच्या विज्ञानपरिषदेनें आव्होगाद्रोस पूर्ण सभासदत्व दिलें व १८२० सालीं तुरीनच्या विश्वविद्यालयांत गणितीय पदार्थविज्ञानाचें नवें आसन निर्माण करून त्यावर त्याची नेमणूक केली. हें सुख दोन वर्षेंहि टिकलें नाहीं. १८२१ मध्यें पीएमाँतांत राजसत्तेविरुद्ध उठाव झाला, विद्यार्थी त्यांत सामील झाले, विश्वविद्यालय बंद करण्यांत आलें आणि १८२२ सालीं सरकारनें तें आसनच रद्द केलें. शिकविण्याच्या ओझ्यांतून सुटून संशोधनास सवड मिळावी म्हणून त्याला मोकळें करीत आहों, अशा गोड शब्दांत ती गोष्ट त्याला कळविण्यांत आली. प्रपंच मोठा, घरीं पत्नी फेलिचिता व पुढें सहा मुलें; तेव्हां हिशेबखात्याच्या न्यायालयांत अधिकाऱ्याची जागा पत्करून तो पुन्हां कायद्याच्या कागदांत शिरला. रेणूंचे हिशेब करणारा मनुष्य बारा वर्षें सरकारी जमाखर्च तपाशीत बसला.

१८३२ सालीं तें आसन पुन्हां सुरू झालें, परंतु दिलें गेलें दुसऱ्याला. फ्रान्समधील राज्यक्रांतीनंतर स्वतः देश सोडून आलेला प्रख्यात गणिती कोशी तेव्हां तुरीनला होता. त्याला तें मिळालें. (हा कोशीहि परम कॅथोलिक असून पुढें विन्सेंट डी पॉल सभेच्या कार्यांत त्यानें मनापासून भाग घेतला.) पदच्युत फ्रेंच राजाच्या नातवास शिकविण्यासाठीं १८३३ सालीं कोशी प्रागला निघून गेला, तेव्हां १८३४ सालीं तें आसन फिरून आव्होगाद्रोकडे आलें व १८५० पर्यंत त्याच्याकडे राहिलें. या काळांत, १८३७ ते १८४१ च्या दरम्यान, वजनदार पदार्थांच्या पदार्थविज्ञानावर त्यानें चार मोठे खंड प्रसिद्ध केले. राज्यांतील वजनें-मापें, हवामान, शिरगणती, शिक्षण यांसंबंधींच्या मंडळांवरहि त्यानें काम केलें. ता. ९ जुलै १८५६ रोजीं, ऐंशीं वर्षें पुरीं होण्यास एक महिना उरला असतां, तुरीन येथें त्याचें देहावसान झालें. १८११ चा निबंध त्या दिवशीं पंचेचाळीस वर्षांचा झाला होता व युरोपांतील बहुतेक रसायनज्ञ अजून त्याच्याविनाच चालत होते.

कसे चालत होते याचा एक मासला देतों. शिरक्याला ज्यामुळें आंबटपणा येतो त्या ॲसेटिक ॲसिडचीं सूत्रें तेव्हां जो तो आपापल्या मतानें लिही. जर्मन रसायनज्ञ केकुले यानें १८६१ च्या आपल्या ग्रंथांत त्या एका पदार्थाचीं एकोणीस निरनिराळीं सूत्रें गोळा करून छापलीं. कोणी कर्बाचा अणु ६ चा धरी, कोणी १२ चा. कोणी प्राणवायु ८, कोणी १६. एका गांवचा शेर दुसऱ्या गांवीं चालत नाहीं अशी बाजाराची दशा पूर्वीं आपल्याकडे होती, तीच येथें.

हा बाजार ताळ्यावर आणिला तो सिसिली बेटांतील पालेर्मो शहरीं जन्मलेल्या स्तानिस्लाओ कान्निझ्झारो यानें. हा १८४८ च्या सिसिलींतील क्रांतींत भाग घेऊन परागंदा झालेला तरुण, पुढें जिनोआ येथें रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. १८५८ सालीं त्यानें आपल्या विद्यार्थ्यांना आपण हा विषय कसा शिकवितों याचें लहानसें टिपण एका मित्रास पत्ररूपानें लिहून प्रसिद्ध केलें. त्यांत नवें तत्त्व कांहीं नव्हतें. आव्होगाद्रोचें तत्त्व शेवटपर्यंत न डगमगतां पाळलें, एवढेंच. हायड्रोजनचा रेणु २ धरावयाचा. कोणत्याहि पदार्थाची वाफ हायड्रोजनच्या कितीपट जड तें पाहून त्याची दुप्पट करावयाची, कीं त्या पदार्थाचें रेणुवजन आलें. मग त्या वजनांत एखाद्या मूलद्रव्याचा वांटा किती तें पृथक्करणानें काढावयाचें. कर्बाचें उदाहरण घेऊं. कर्बाच्या एका विषारी वायूचें रेणुवजन २८, त्यांत कर्ब १२. आपण श्वासावाटे सोडतों त्या वायूचें ४४, त्यांत कर्ब १२. मद्यार्काचें ४६, त्यांत कर्ब २४. ईथरचें ७४, त्यांत कर्ब ४८. बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस. बारापेक्षां कमी कोठें नाहीं व बाराच्या पटीवांचून कोठें नाहीं. तर मग कर्बाचा अणु बाराचाच, सहाचा नव्हे. रुपयाहून लहान नाणें पाहिलें नसलें तरी कोणाच्याहि थैलींतील रक्कम रुपयांच्या पटींतच निघते, यावरून नाण्याची किंमत ओळखावी, तसा हा तर्क आहे.

१८६० च्या सप्टेंबर महिन्यांत ता. ३ पासून ५ पर्यंत जर्मनींतील कार्ल्सरूह येथें युरोपभरचे सुमारें एकशेंचाळीस रसायनज्ञ या घोटाळ्याचा निकाल लावण्यासाठीं जमले. कान्निझ्झारो तेथें आव्होगाद्रोच्या वतीनें जोरानें बोलला, पण मतें घेऊन शास्त्राचा निकाल लागत नाहीं असें म्हणून सभा कांहींहि न ठरवितां उठली. निघतांना पाव्हेझी नांवाच्या त्याच्या मित्रानें त्या टिपणाच्या छापील प्रती सभासदांच्या हातीं दिल्या. जर्मनीचा लोथार मायर ती प्रत खिशांत घालून घरीं गेला, ती वाचून त्याचे सगळे संशय फिटले. रशियाचा मेंडेलीफ तरुण होता, तोहि त्या सभेस हजर होता. १८६९ सालीं त्यानें मूलद्रव्यांचें जें प्रसिद्ध कोष्टक रचिलें, तें खरीं अणुवजनें हातीं आल्यावांचून रचितां आलें नसतें. आव्होगाद्रोला मरून तेव्हां तेरा वर्षें झालीं होतीं.

आतां ही रीत आपल्या संसाराला कशी उपयोगी पडते तें एका उदाहरणानें सांगतों. जुलाब-वांतीनें मूल सुकूं लागलें कीं डॉक्टर किंवा आरोग्यसेविका क्षारसंजीवनीचें, म्हणजे ओआरएसचें, पाकीट देतात. १९७१ सालीं बांगलादेशांतून आलेल्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत पटकीची सांथ आली, तेव्हां सलाईनच्या बाटल्या अपुऱ्या पडल्यामुळें डॉ. दिलीप महालनबीस यांनीं साखर-मिठाच्या पाण्यानें हजारों रोग्यांचे प्राण वांचविले, तेंच हें औषध. जागतिक आरोग्य संघटनेनें २००२ सालीं ठरविलेल्या प्रमाणाप्रमाणें एक लिटर पाण्यांत ग्लुकोज १३.५ ग्रॅम व मीठ २.६ ग्रॅम असतें. शिवाय सोडियमचें सायट्रेट २.९ ग्रॅम व पोटॅशियमचा क्षार १.५ ग्रॅम. साखर इतकी जास्त व मीठ इतकें थोडें कां? कारण आंतड्यांत ग्लुकोज व सोडियम हीं एकमेकांच्या आधारानें आंत शोषलीं जातात व त्यांच्यामागून पाणी जातें. म्हणून दोहोंच्या कणांची संख्या बरोबरीची ठेविली आहे, वजन नव्हे. तराजू वजन सांगतो, संख्या सांगत नाहीं. संख्या हवी तर रेणुवजनानें भागावें लागतें.

ग्लुकोजच्या रेणूंत कर्बाचे सहा, हायड्रोजनचे बारा व प्राणवायूचे सहा अणु आहेत. कर्बाचा अणु १२.०११ चा, म्हणून सहांचे ७२.०६६, हायड्रोजनचा १.००८, बारांचे १२.०९६, प्राणवायूचा १५.९९९, सहांचे ९५.९९४. तिन्ही मिळून १८०.१५६. इतके ग्रॅम ग्लुकोज म्हणजे एक मोल. मिठांत सोडियम २२.९९ व क्लोरीन ३५.४५, मिळून ५८.४४. आतां १३.५ ला १८०.१५६ नें भागिलें असतां ०.०७५ मोल ग्लुकोज येतें. मिठाचे २.६ ला ५८.४४ नें भागिलें असतां ०.०४४५ येतात, सायट्रेटच्या प्रत्येक रेणूंतून सोडियमचे तीन कण सुटतात, त्यांचे जवळजवळ ०.०३ मिळवा, कीं सोडियमहि सुमारें ०.०७५ वर येऊन ठेपतें. ज्या घरांत हीं बेरीज-भागाकाराचीं उदाहरणें मुलें कंटाळून सोडवीत असतील, त्या घरच्या वडील माणसांनीं त्यांना हें पाकीट दाखवावें, अशी आमची सूचना आहे.

राहिला तो आंकडा. एक मोल पदार्थांत रेणु असतात तरी किती, हा प्रश्न आव्होगाद्रोच्या पिढीला सोडवितां येण्यासारखा नव्हता. १८६५ सालीं ऑस्ट्रियाच्या लोश्मिट यानें रेणूच्या आकाराचा पहिला बरा अंदाज केला. पुढें फ्रान्सच्या झां पेरँ यानें पाण्यांत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांची हालचाल सूक्ष्मदर्शकाखालीं मोजून ती संख्या निश्चित करीत आणिली व १९०९ सालीं तिला आव्होगाद्रोचें नांव द्यावें असें सुचविलें. या कामाबद्दल त्याला १९२६ चें नोबेल पारितोषिक मिळालें. १९११ सालीं निबंधाची शताब्दि तुरीन येथें थाटानें साजरी झाली. १९५६ सालीं, मृत्यूस शंभर वर्षें झालीं तेव्हां, इटालीच्या सरकारनें त्याच्या चित्राचें पंचवीस लिऱ्यांचें टपालतिकीट काढिलें. त्याचा देह क्वारेञा गांवीं घराण्याच्या थडग्यांत विसांवला आहे. ता. २० मे २०१९ पासून सर्व राष्ट्रांच्या संमतीनें मोलाची व्याख्याच त्या संख्येवर बसविण्यांत आली आहे: ६०,२२,१४,०७६ आणि त्यापुढें पंधरा शून्यें.